कानाचं मशीन कपाटात पडून राहू नये म्हणून

"बाबांना चांगलं महागातलं मशीन घेऊन दिलं, पण ते घालतच नाहीत." सत्तरीपुढचं माणूस असलेल्या कितीतरी घरांत ही तक्रार ऐकायला मिळते. मशीन डबीत जातं, डबी कपाटात जाते आणि घरात पुन्हा आरडाओरडा सुरू होतो. दोष बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला दिला जातो. मला तो पटत नाही. मशीन कपाटात जातं ते आधी न झालेल्या तपासण्यांमुळे, उरकून टाकलेल्या फिटिंगमुळे आणि पहिल्या तीन महिन्यांत कुणी सोबत न राहिल्यामुळे. किंमत, कंपनी, मॉडेल हे सगळं त्यानंतरचं. हा लेख मुख्यतः वयामुळे ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

"ऐकू येतं, पण कळत नाही"

हे वाक्य ऐकलं की घरचे चिडतात. ते मात्र अगदी खरं असतं. आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या भागात, केसांसारख्या बारीक पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात करण्याचं काम त्यांचं. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय वाढतं तशा आधी बारीक, तीव्र पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी जातात. जाड, खालच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या बराच काळ टिकतात.

बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ, ट, क ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीत आणि हलकी. म्हणजे आवाज पोचतो, पण शब्दाची कड झिजलेली असते. 'साठ' मधला स गेला की उरतो 'आठ'. भाजीवाला साठ रुपये म्हणतो, आजी आठ देते आणि आजूबाजूचे हसतात. पान, कान, तान यांतला फरकही असाच पुसट होतो. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज वरच्या पट्टीचा असल्यामुळे नातवाचं बोलणं आधी सुटतं. शेजारच्या काकांचा खर्जातला आवाज मात्र नीट कळतो. घरच्यांना वाटतं, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं."

दुसरी एक गोष्ट याहून जास्त भांडणं लावते. पेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज तितकाच मोठा लागतो, कधी जास्तच. मधली जागा अरुंद होते. म्हणून हळू बोललं तर "काय?" आणि जोरात बोललं तर "ओरडतोस कशाला?" हा आडमुठेपणा नव्हे, आतल्या कानाची अवस्था आहे.

आधी कानाचा डॉक्टर, मग मशीन

कमी ऐकू येण्याच्या सगळ्याच कारणांवर मशीन हा उपाय नसतो. मळ घट्ट बसला असेल तर तो काढल्यावर काम होतं. कान वाहण्याचा जुना आजार, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेलं पाणी, मधल्या कानातलं छोटं हाड घट्ट बसणं, यांवर औषध किंवा शस्त्रक्रिया असते. म्हणून पहिली पायरी म्हणजे ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून कान पाहणं. कान दुखतो म्हणून घरी गरम तेल ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं. कापूस गुंडाळलेल्या काड्या मळ काढत नाहीत, आत ढकलतात.

काही लक्षणांत वाट पाहायची नसते. एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, सकाळी उठल्यावर एक कान बंद झाल्यासारखा वाटला, तर "सर्दी असेल, उतरेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता चांगली असते. दोन आठवडे उलटल्यावर ती फार कमी होते. फक्त एकाच कानाला कमी ऐकू येणं, एकाच कानात सतत आवाज येणं, सोबत चक्कर, चेहरा वाकडा होणं, कानातून रक्त किंवा घाण वास येणारा स्राव, हेही तातडीनं दाखवायचं. एका बाजूचा त्रास असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. ऐकण्याच्या नसेवरची गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी तो असतो, त्याला फाटे फोडू नयेत.

चालू औषधांची यादी सोबत न्या. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांनी कानाला इजा होऊ शकते. पूर्वी टीबीचा कोर्स झाला असेल तर तोही सांगा.

तपासणी, आणि हातात मिळणारा तो आलेख

डॉक्टरांनंतर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणारा तज्ज्ञ. चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात हेडफोन लावून पाच मिनिटांत केलेली मोफत तपासणी ही विक्रीची तयारी असते, तपासणी नव्हे. खरी तपासणी आवाजबंद खोलीत होते आणि तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तिच्या आदल्या दिवशी मोठ्या आवाजाच्या ठिकाणी जाऊ नये, आणि कानात मळ असेल तर आधी काढून घ्यावा. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका; नोंदणी क्रमांक भिंतीवर किंवा रिपोर्टवर असतो.

आलेख वाचायला सोपा आहे. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी, डावीकडे २५० हर्ट्झपासून उजवीकडे ८००० पर्यंत. उभ्या रेषेवर आवाजाची पातळी डेसिबलमध्ये. वर हळू, खाली मोठा. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. रेषा जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. वयाच्या बहिरेपणात ती डावीकडे बऱ्यापैकी वर असते आणि उजवीकडे उतरत जाते. ५०० हर्ट्झला २५ डेसिबल आणि ४००० ला ६५, असा उतार दिसला की 'ऐकू येतं पण कळत नाही' याचं चित्रच समोर असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चांगल्या कानाची सरासरी २० डेसिबलच्या आत असेल तर ऐकणं नीट, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. "टक्के किती?" हा आपला आवडता प्रश्न. ते टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी काढले जातात, मशीन मात्र या आलेखावरून लावतात.

त्याच कागदावर आणखी एक आकडा असतो, ज्याकडे कुणी पाहत नाही: शब्द ओळखण्याची टक्केवारी. आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवले तर किती बरोबर ओळखता आले? ८०-९० टक्के असतील तर मशीनचा चांगला उपयोग होईल. ४० टक्के असतील तर आवाज मोठा करूनही निम्म्याहून जास्त शब्द निसटणार, आणि हे मशीन घेण्याआधी कळलेलं बरं. "मला मशीन घालून काय साध्य होईल?" हा प्रश्न विचारायची हीच जागा. शब्द शक्यतो मराठीतून ऐकवावेत असा आग्रह धरा. न येणाऱ्या भाषेतल्या शब्दांवरून काढलेला निकाल कानाचा नसतो.

मशीन निवडताना

कानामागे बसणारं, कानामागे बसून बारीक तारेनं कानात स्पीकर सोडणारं, कानात मावणारं, कानाच्या आत लपणारं आणि जुनं खिशातलं, असे मुख्य प्रकार. बहुतेकांना 'दिसू नये' म्हणून आतलं हवं असतं. वयस्कर माणसाला मी ते सहसा सुचवणार नाही. त्याचा सेल शेंगदाण्याच्या दाण्याहून लहान, बोटं थरथरत असतील किंवा सांधे आखडले असतील तर तो घालता येत नाही, मळ थेट मशीनमध्ये जातो आणि तीव्र बहिरेपणाला त्याची ताकद पुरत नाही. खालच्या पट्टीचं ऐकणं चांगलं असेल तर कानामागचं तारेचं मशीन आणि मऊ उघडा डोम (कानात बसणारी भोकांची रबरी टोपी) उत्तम. ऐकणं फारच कमी असेल तर कानाचं माप घेऊन बनवलेला मोल्ड लागतो.

किमती दहा-पंधरा हजारांपासून एका मशीनला लाखाच्या वर जातात. श्रवणयंत्रांवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो दिसला तर विचारा. महाग मॉडेलमध्ये चॅनेल, म्हणजे आवाज वेगवेगळा वाढवता येण्याजोगे पट्टे, जास्त असतात, गोंगाट दाबण्याची सोय बरी असते, ब्लूटूथ असतं. दिवसभर घरात दोन-तीन माणसांत वावरणाऱ्या आजींना यातलं निम्मंही लागत नाही. जो अजून दुकानावर बसतो, सभांना जातो, मीटिंगा घेतो, त्याला लागतं. दोन्ही कान सारखेच उतरले असतील आणि पैसे मोजकेच असतील, तर एका कानाला भारी मशीन घेण्यापेक्षा दोन्ही कानांना मध्यम मशीन घ्यावीत. आवाज कुठून आला हे कळायला आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायला मेंदूला दोन कान लागतात.

रिचार्ज होणारं की सेलचं? बोटांना त्रास असेल तर रिचार्जचं सोयीचं. लोडशेडिंग असलेल्या गावात, किंवा वारीला-यात्रेला निघणाऱ्या माणसाला सेलचं बरं. ऑनलाइन मिळणारी हजार-दोन हजारांची 'कानाची मशीन' सगळे आवाज सरसकट वाढवतात. भांड्यांचा खणखणाट आणि नातवाचं बोलणं दोन्ही सारखंच मोठं होतं, आणि पुढे "मशीन म्हणजे कटकट" हे मत पक्कं होतं.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. घरी नेऊन काही दिवस वापरून पाहता येईल का? किती वेळा सेटिंग बदलून द्याल, आणि त्याचे पैसे वेगळे का? वॉरंटी किती वर्षांची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिटिंगच्या वेळी कानात बारीक नळी घालून आवाज मोजता का? संगणकाने सुचवलेलं सेटिंग सरासरी कानासाठी असतं. प्रत्येकाच्या कानाचा बोगदा वेगळा. ती नळी पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते दाखवते. ही सोय सगळीकडे नसते, पण जिथे आहे तिथे थोडं लांब जावं लागलं तरी जावं.

"मशीन घातलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल" अशी भीती घालून विकणारे हल्ली भेटतात. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितलं आहे, हे खरं. मशीनमुळे बुद्धीची घसरण मंदावते का हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांच्यात मात्र मशीनमुळे घसरण मंदावलेली दिसली. मशीन घ्यायला नातवाशी बोलता येणं एवढं कारण पुरेसं आहे, भीती नको.

पहिले तीन महिने

चष्मा घातला की त्याच क्षणी दिसतं. मशीनचं तसं नाही, आणि ही अपेक्षाच बरीच मशीनं कपाटात पाठवते. पाच-सात वर्षं मेंदूने पंख्याची घरघर, पिशवीची कुरकुर, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकलेलाच नसतो. मशीन लागताच हे सगळं एकदम अंगावर येतं. मेंदूला त्यातलं नको ते बाजूला ठेवायला पुन्हा शिकावं लागतं आणि त्याला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. म्हणूनच चांगला ऑडिओलॉजिस्ट पहिल्याच दिवशी पूर्ण आवाज देत नाही, पायरीपायरीने वाढवतो.

पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना घाला. दिवसातून दोन-तीन तासांपासून सुरुवात करून रोज थोडं वाढवा. वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. स्वतःचा आवाज ड्रममधून आल्यासारखा घुमतो तो यानं सवयीचा होतो. तरी घुमत राहिला तर मोल्डला भोक मोठं करता येतं किंवा डोम बदलता येतो, तो सोसत बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन माणसांत बसा, टीव्हीवर बातम्या लावा. निवेदकाचं बोलणं मालिकेपेक्षा सोपं असतं. पुढे मंदिर, बाजार, नातेवाइकांकडे जाणं. लग्नाचं कार्यालय सगळ्यात शेवटी. नव्या मशीनची पहिली परीक्षा नेमकी तिथेच घेतली जाते आणि तिथे तर धडधाकट कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नाही.

या काळात एक वही ठेवा. 'ताटं आपटली की कानात टोचतं', 'फोनवर सूनबाईचं कळत नाही', 'डाव्या कानात शिटी वाजते', असं नेमकं लिहा. "बरोबर नाही" एवढ्या तक्रारीवर सेटिंग बदलता येत नाही, या ओळींवर बदलता येतं. तीन-चार फेऱ्या लागणारच. मशीन दिवसात किती तास चालू होतं याची नोंद बरीच मशीनं ठेवतात, तेव्हा "रोज घालतो" असं तिथे सांगून उपयोग नाही!

फोनवर बोलताना फोन कानाच्या भोकाला लावू नका. कानामागच्या मशीनचा माइक वर असतो, फोनची वरची कड तिथे आणायची. जमत नसेल तर स्पीकरवर बोला, किंवा व्हिडिओ कॉल करा, त्यात ओठ दिसतात. गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे मोफत अॅप समोरचा बोलतो ते मराठीत लिहून दाखवतं. बँकेत आणि दवाखान्यात फार कामाचं.

घरच्यांनी करायचं ते

स्वयंपाकघरातून हॉलमध्ये हाक मारून बोलणं बंद, हा पहिला नियम. समोर या, "बाबा" म्हणून लक्ष वेधा, मग बोला. तोंडावर उजेड हवा; खिडकीकडे पाठ केली की तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. ओरडू नका, सावकाश बोला. ओरडल्यानं स्वरच मोठे होतात, व्यंजनं नाहीत. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला: "साठ" कळलं नाही तर "पन्नास आणि दहा". विषय बदलला की सांगा, "आता गावच्या जमिनीचं बोलतोय." बोलताना मिक्सर, चिमणी, टीव्ही बंद. जेवताना त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट माइकमध्ये शिरत नाही.

आणि "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. सगळे हसले, यांनी विचारलं "काय झालं?", आणि उत्तर आलं "काही नाही". असं रोज झालं की माणूस विचारायचं सोडतं आणि मग मशीन घालायचंही.

निगा, त्यातही पावसाळा

मशीनचा मोठा शत्रू ओल. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तिला तोड नाही, आणि उन्हाळ्यात घाम आहेच. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवायचं. दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवायचे किंवा नवे घ्यायचे. रिचार्जचं मशीन चार्जरवरच असतं, त्यासाठी वाळवण्याची सोय असलेला चार्जर मिळतो का ते विचारा. आंघोळ, पोहणं, केसांना तेल, डाय, स्प्रे या सगळ्याआधी मशीन काढायचं.

रोज कोरड्या मऊ कापडाने पुसा; पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर नको. मोल्ड मात्र मशीनपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतो, नळीतलं पाणी फुंकणीने काढून पूर्ण सुकला की जोडायचा. नळी कडक, पिवळी झाली की बदलायची. तारेच्या मशीनला टोकाशी मळाची बारीक जाळी असते. 'मशीन बंद पडलं' म्हणून दुरुस्तीला आणलेल्या मशीनमध्ये कित्येकदा एवढी जाळीच तुंबलेली असते. शिटी वाजत असेल तर मोल्ड नीट बसलाय का आणि कानात मळ आहे का, हे आधी बघा. उजव्या मशीनवर लाल खूण असते, डाव्यावर निळी.

सेलच्या पाकिटावर रंग असतो: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की तीन-चार मिनिटं उघडे ठेवून मग घालायचे. स्टिकर परत चिकटवून ते वाचत नाहीत. वापरलेले सेल नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. गिळला गेला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. घरात कुत्रा असेल तर मशीन उंचावर ठेवा, चघळलेली मशीनं दुरुस्त होत नाहीत.

गणपतीत ढोल-ताशा किंवा डीजेजवळून जाताना मशीन काढून इअरप्लग घाला. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज तासन् तास ऐकल्यानं उरलेल्या पेशीही जातात, आणि मिरवणुकीतला आवाज त्याहून कितीतरी वर असतो.

मशीन पुरेसं नसेल तेव्हा, आणि सरकारी मदत

तीव्र बहिरेपणात, चांगल्या मशीननेही शब्द ओळखता येत नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या उपकरणाचा, विचार करता येतो. मोठ्या वयातही तो होतो. प्रकृती आणि ऐकण्याची नस ठीक हवी. कानात सतत गुणगुण असणाऱ्यांना मशीन लावल्यावर ती बरेचदा कमी जाणवते, कारण बाहेरचे आवाज परत येतात. बाळाच्या बाबतीत मात्र "उशिरा बोलेल, याचे बाबाही उशिरा बोलले" म्हणत थांबू नका. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे तपासणी आणि फिटिंग खाजगीपेक्षा खूप कमी खर्चात होतं. जिल्हा रुग्णालयात ईएनटी विभाग असतो, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) तिथून मिळतं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळू शकतं. ज्येष्ठांना अशी साधनं देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिची शिबिरं लागतात. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साधनं घेण्यासाठी एकदाच तीन हजार रुपये खात्यात जमा होतात. श्रवणयंत्र त्या साधनांच्या यादीत आहे. तीन हजारांत चांगलं मशीन येत नाही, पण मोल्ड आणि वर्षाचे सेल निघतात. शिबिरात मिळालेलं मशीन तसंच कानात घालू नका. आपला आलेख घेऊन जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडून ते आपल्या कानाला लावून घ्या. पुढे दर वर्षी नवा आलेख काढा, जुने सगळे एका फायलीत ठेवा आणि सेटिंग त्याप्रमाणे बदलून घ्या.